पंच्याची घडी

पालखीचा दांडा अंबाडी आणि कार्बनच्या धाग्यांचा होता. भार पडेल तिथे तो आपोआप कठीण होत जायचा. शिमग्याआधी संदेशने तो ठोकून पाहिला. त्याच्या स्वतःच्या खांद्याच्या जागी दांडा अजून नव्यासारखा मऊ होता. त्याच्या पुढे, जिथे गेल्या वर्षी वारलेले भिकूकाका उभे राहायचे, तिथे मात्र दगड.

म्हणजे संदेशचा खांदा मोडला तेव्हापासून त्याच्या वाटणीचा भारही काकाच उचलत होते. म्हणून ते खांद्यावर पंच्याची जाड घडी ठेवायचे. संदेश चिडवायचा, "काका, नाजूक झालात."

संदेशचा खांदा तर केव्हाच भरून आला होता.

यंदा पुढे काकांचा लेक, रोशन, पहिल्यांदाच उभा राहिला. मागे वळून संदेशच्या खांद्यावरचा पंचा पाहून हसला. "दादा, घडी? नाजूक झालास?"

"हो रे," संदेश म्हणाला आणि पंचा आणखी एकदा दुमडला.