केतूशी गप्पा

केतकी सहा वर्षांची असताना कोलकात्याच्या खिदिरपूर गोदीतल्या एका चोरीच्या प्रकरणात तिच्या बाबांना शिक्षा झाली. आईने तिला तुरुंगात भेटीला कधीच नेलं नाही. ते सुटून सॉल्ट लेकच्या घरी आले, तेव्हा केतकी नोकरीला लागली होती.

बाबा तिच्या तोंडाकडे बघत नसत. बोलताना त्यांची नजर तिच्या कमरेपाशी, जरा डावीकडे जायची. "केतू, दूध प्यायलीस?" ते तिथेच विचारायचे.

"त्यांच्या मनात तू अजून तेवढीच आहेस," आई म्हणाली. "होईल हळूहळू सवय."

रविवारी सकाळी आई बाजारात गेल्यावर केतकी त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसली. "बाबा, मी केतकी. मोठी झाले मी."

मध्येच कुणी आडवं आलं की बघावं, तसं त्यांनी मान वाकवून तिच्या पलीकडे पाहिलं.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. बाहेर बाबा हळूहळू काही सांगत होते, थांबत होते, मग हसत होते. घरी आल्यापासून ते पहिल्यांदाच हसत होते. ती दाराआड उभी राहिली.

"शाळेत कुणी काही बोलतं का गं तुला?" बाबांनी विचारलं.

"चोराची मुलगी म्हणतात."

केतकीने हे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. आणि तो बारीक आवाज तिचाच होता, लहानपणीचा.

मग तोच आवाज आणखी हळू आला.

"बाबा, ती ताई दाराआडून ऐकतेय."