चोवीस स्वयंपाकघरांचं काम

गप्प बसण्यात प्लंबरचा फायदाच फायदा होता. रविवारी चर्चमधल्या उपासनेनंतर त्याच्याच इमारतीची बैठक होती. चोवीस घरांच्या स्वयंपाकघरातले जुने पाइप बदलायचं काम कुणाला द्यायचं, ते तीत ठरणार होतं. चोवीस सिंकं, चोवीस नळ, आणि वर्षभर कामावर जायचं म्हणजे नुसता जिना चढायचा-उतरायचा. त्याबदल्यात त्यानं एवढंच करायचं होतं: मंगळवारी जे घडलं त्याबद्दल रविवार दुपारपर्यंत तोंड उघडायचं नाही.

मंगळवारी त्यानं घरचं सिंक दुरुस्त केलं होतं. सगळ्या वस्तीचे नळ दुरुस्त करणाऱ्याच्या घरचं सिंक सहा महिने गळत होतं, आणि बायकोनं त्याचा उल्लेख केला नाही असा एक दिवस गेला नव्हता. शेवटी वैतागून तो ओट्याखाली शिरला. घाईघाईत खालच्या जोडात रबरी वायसर घालायचाच राहिला. बुधवारी सकाळी ओट्याखालचं कपाट पाण्यात. त्यानं जोड उघडला, काय झालंय ते बघितलं, गुपचूप दुसरा वायसर बसवला. पहिला कुठे गेला, ते शोधायच्या भानगडीत तो पडला नाही. हात पुसत उठला आणि जाहीर केलं, "कुणीतरी बूच लावून नळ चालू ठेवला होता."

घरात माणसं तीन. तो स्वतः 'कुणीतरी'मध्ये मोडत नव्हता. आई गुडघ्यांमुळे ओट्याशी उभी राहत नसे. उरली बायको.

बायको घरीच कपडे शिवायची. ती भांडली नाही. तिनं फक्त त्याच्याशी बोलणं बंद केलं. जे काही बोलायचं ते देवामार्फत. रोज जेवणाआधी घरची प्रार्थना आणि प्रत्येकानं मोठ्यानं एक वाक्य तरी म्हणायचं, हा सासऱ्यांच्या काळापासूनचा नियम होता. त्याची एवढी सोय होईल असं त्यांनाही वाटलं नसेल.

"प्रभू," बायको डोळे मिटून म्हणाली, "ह्या घरात ज्याला विसरायची सवय आहे, त्याला आठवण दे."

"आणि प्रभू," प्लंबर म्हणाला, "ज्यांना ताणून धरायची सवय आहे, त्यांना जरा सैल कर."

"प्रभू," आई म्हणाली, "जेवण गार होतंय. आमेन."

शुक्रवारपर्यंत मिठाची बरणीसुद्धा त्याच मार्गानं मागितली जाऊ लागली.

शनिवारी संध्याकाळी इमारतीचे सेक्रेटरी वर आले. ते बरोबर खालच्या घरात राहत. चार दिवस बाहेरगावी होते. परत येऊन बघतात तर स्वयंपाकघराच्या छताला परातीएवढा डाग. बैठकीत त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे.

"वर पाण्याचा जाणकार राहतो म्हणून मी निर्धास्त होतो," ते म्हणाले. "हे तुमच्या हातून झालं असेल, तर उद्या चोवीस घरं तुमच्या हवाली कशी करू, सांगा."

प्लंबरनं घसा साफ केला. घरात 'कुणीतरी' म्हणणं सोपं होतं. परक्यासमोर बायकोकडे बोट दाखवायचं म्हणजे जरा जडच. तरी तो दाखवणारच होता. तेवढ्यात आतलं शिलाई मशीन थांबलं.

"माझ्याकडून झालं," दारात येऊन बायको म्हणाली. "नळ चालू राहिला. ह्यांचं काम चोख असतं. ह्यांना बोल लावू नका."

सेक्रेटरींनी मग तिलाच लावला. लक्ष कुठे असतं, दुसऱ्याच्या छताचं काही वाटतं की नाही, दोन महिन्यांपूर्वीच रंग दिला होता, सगळं. ती मान खाली घालून ऐकत राहिली. "हो भाऊ, चुकलं," म्हणाली. ते खाली गेले. काम प्लंबरला मिळाल्यात जमा होतं.

आता हलकं वाटेल म्हणून तो थांबून राहिला. वाटेना.

बायकोनं मशीनचा खण उघडला. रिळांमधून काहीतरी काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. रबरी वायसर.

"तुमच्या शर्टाच्या खिशात होता. बुधवारी कपडे धुताना सापडला."

"मग तेव्हाच का नाही दाखवलास?"

"दाखवला असता तर तुम्ही आणखी कुणालातरी शोधून काढलं असतं. आईंचा नंबर लागला असता."

"आणि आज सरळ खोटं बोललीस?"

"ते मी आणि प्रभू बघून घेऊ," ती पुन्हा मशीनवर बसत म्हणाली. "तुम्ही तुमची चोवीस घरं बघा."

तो जिना उतरला. सेक्रेटरींनी दार उघडलं तेव्हा त्यानं मूठ पुढे करून उघडली. "हा माझ्या खिशात राहिला होता. तिनं काही केलेलं नाही."

सेक्रेटरींनी वायसरकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "मला हे उद्या बैठकीत सांगावं लागेल."

"सांगा," तो म्हणाला.

चोवीस घरांचं काम दुसऱ्याच प्लंबरला गेलं. ह्यानं तो आठवडा सेक्रेटरींचं छत रंगवण्यात घालवला. शिडी धरायला बायको होती. कुठला कोपरा राहिला ते ती देवाला मध्ये न घालता, थेट त्यालाच सांगत होती, आणि तो निमूट ऐकत होता. आईची तक्रार एवढीच, की हल्ली घरच्या प्रार्थनेत काही राम उरला नाही.

पुढच्या रविवारी उपासनेत तो सगळ्यांबरोबर उभा राहिला. 'माझ्या अपराधाची शिक्षा दुसऱ्यानं सोसली' हे ख्रिस्ताबद्दलचं वाक्य तो तीस वर्षं दर रविवारी खणखणीत आवाजात म्हणत आला होता. त्या दिवशी 'दुसऱ्यानं'पाशी त्याचा आवाज बसला. राहिलेला शब्द शेजारी उभ्या बायकोनं म्हटला, स्वतःचाही आणि त्याच्या वाटचाही.