पायांचं काम

फोनच्या पडद्यावर मैत्रेयी आडवी तरंगत होती. जेवणाचं पाकीट तिनं हवेतच सोडून दिलं होतं. ते तिच्या कानाजवळ सावकाश गिरक्या घेत होतं. अंतराळस्थानकात येऊन तिला चार महिने होत आले होते.

इकडे गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये तिची आई, कुमुदताई, पलंगावर उशीला टेकून लेकीकडे बघत होत्या. खुब्याचं ऑपरेशन नीट झालं होतं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, पण त्या बाथरूमपलीकडे पाऊल टाकायला तयार नव्हत्या.

"आजही फिजिओवाल्याला दारातूनच परत पाठवलं," दिनकरराव लेकीला म्हणाले. "म्हणे, भैया, आज रहने दो."

"पुन्हा पडले तर?" कुमुदताई म्हणाल्या. "मैत्रेयी, तुझं बरं आहे बाई. तिथे पायांचं कामच नाही."

मैत्रेयी हसली नाही. तिनं पँट वर ओढून पोटरी कॅमेऱ्यासमोर धरली. पोटरी कसली, काडी झाली होती.

"काम नसलं की हे असं होतं, आई. म्हणून रोज स्वतःला पट्ट्यांनी ट्रेडमिलला बांधून पळायचं. खांदे सोलून निघतात. आज मी दांडी मारणार आहे. बस झालं यार."

"दांडी?" कुमुदताई ताठ बसल्या. "आणि खाली आल्यावर उभी कशी राहशील? काही नाही, बांध ते पट्टे!"

एवढं बोलल्यावर त्यांची नजर स्वतःच्याच पायांकडे गेली. दिनकररावांनी वॉकर पलंगाजवळ सरकवला.

"हसू नका," त्या म्हणाल्या, आणि पाय खाली सोडले.

मैत्रेयीनं पट्टे खांद्यांवर चढवले. "बाबा, फोन आईच्या पायांवर धरा."

पहिल्या पावलाला कुमुदताईंनी डोळे घट्ट मिटले. दुसऱ्याला उघडले. फोनमधून लेकीची धाप ऐकू येत होती. सोफा मागे पडला, जेवणाचं टेबल मागे पडलं. तेवढ्यात संपर्क तुटला. दिनकरराव काळा पडदा तसाच कुमुदताईंच्या पायांवर धरून मागोमाग चालत राहिले.

बाल्कनीच्या दारात त्या थांबल्या. वळून पाहिलं, तर पलंग पार तिकडे, आतल्या खोलीत.

"खुर्ची आणू?"

"नको," कुमुदताईंनी वॉकर वळवला. "परत चालतच जायचंय."