काठावरचं काम

समुद्र माहिती केंद्राच्या हॉलमध्ये चौथीची मुलं निळ्या सतरंजीवर पालथी पडून हातपाय मारत होती. शिकवणाऱ्या बाई सांगत होत्या, "समुद्र आत ओढायला लागला की काठाकडे यायची घाई करायची नाही. ओढीशी झुंजलात तर दमाल. आधी किनाऱ्याच्या कडेकडेने आडवं पोहत ओढीतून बाहेर पडायचं, मगच काठाकडे वळायचं."

काठ म्हणून भिंतीपाशी केंद्राचे शिपाईमामा उभे होते. दर शनिवारी हे काम ते मागून घेत. एक मुलगी सरळ त्यांच्याच दिशेने सरपटत निघाली, तसे ते बेंबीच्या देठापासून ओरडले, "इकडे नको! आडवी जा, आडवी!"

मुलं खो खो हसली.

शाळेची बस गेल्यावर बाई म्हणाल्या, "मामा, किती ओरडता! अहो, सतरंजी आहे ती, समुद्र नाही."

सतरंजीची घडी घालता घालता मामा म्हणाले, "त्या दिवशीही काठावरून असाच ओरडत होतो, बाई. 'सरळ माझ्याकडे ये' म्हणून. आणि आमचं पोरगं कधी माझ्या शब्दाबाहेर नव्हतं."