टाकीचं झाकण

बिडकीन मागं पडलं आणि गाडी बंद झाली. आधी आचके दिले नाहीत, धूर सोडला नाही; चालता चालता एकदम गप्प झाली. शालूनं होत्या वेगावर ती कडेला घेतली आणि किल्ली फिरवली. स्टार्टर जोरात फिरला. इंजिन काही उचललं नाही.

"झालं!" मागच्या सीटवरून अप्पाराव काका म्हणाले. "कारभाऱ्याची गाडी कारभाऱ्यावरच गेली. मनात आलं की बसली."

हर्सूलहून निघालेली ही चौघं: शालू, तिची आई बानाबाई, धाकटा भाऊ अजिनाथ आणि हे चुलते. कारभारी म्हणजे शालूचे वडील, पोरांचे दादा. पैठणच्या घाटावर आज त्यांचा दहावा होता. अग्नी अजिनाथनं दिला होता, पिंडही त्यालाच द्यायचे होते. मांडीवर तांदळाचा डबा आणि फडक्यात बांधलेली भाकरी घेऊन तो बसला होता. मोटरसायकलच्या पुढं त्याला काही चालवता येत नव्हतं, म्हणून गाडीवर शालू.

त्याचा फोन वाजला. "बिडकीनला हावोत... व्हय, व्हय, येतोच." फोन ठेवून तो पुढं झुकला. "आक्का, गुरुजीकडं आपल्या मागं अजून दोन दहावे हायेत. आपण नाय पोचलो तर ते त्यांचं बसवणार. मंग आपला नंबर उन्हं उतरल्यावर."

"तव्हर कावळे पोट भरून झोपतेत," काका म्हणाले. "डिझेल हाये का बघ आधी."

"अर्धी टाकी हाये, काका," शालू म्हणाली.

"मंग ब्याटरी."

"ब्याटरी उतरली असती तर स्टार्टर फिरला असता का?"

"मंग नारळ फोडा. त्याचा जीव गुतलाय ह्या गाडीत."

शालू उतरली आणि बॉनेट उघडलं. लहानपणी दादा डिझेलनं माखलेल्या हातांनी गाडी खोलायचे तेव्हा ती त्यांना पाने काढून देत असे. तेवढ्या शिदोरीवर आता हात चालत होता. टाकीतलं डिझेल ओढणारा फिल्टरवरचा हातपंप तिनं दाबला. एरवी तो बोटाला ढकलत वर येतो. आज खालीच राहिला. चिमटीत धरून वर ओढला, सोडला; परत खाली गेला. मग तिनं नळीचा नट सैल केला. डिझेल उसळायला हवं होतं. थोडंसं मनगटावर आलं आणि उरलेलं नळीत उलटं ओढलं गेलं.

बाजूनं एकेक कंटेनर जात होता. तो गेला की उभी गाडी हलायची.

अजिनाथ रस्त्यात जाऊन हात करू लागला होता. एक टमटम थांबली. "आक्का, सोड ती! माय, चल, बस ह्यात. गाडी मागून आणता येईल."

बानाबाई जागची हलली नाही. "तिला बघू दे."

"माय, तिकडं सगळी भावकी खोळंबलीय."

"बघू दे म्हणले ना."

"आना है तो आव भाई, नै तो मैं चला," टमटमवाला म्हणाला, आणि गेलाही.

शालूला टमटम गेलेली कळली नाही. पंप चांगला, नळी चांगली. पुढं काही अडलेलं नव्हतं. मागून कुणीतरी धरून ठेवलं होतं. ती वळसा घालून टाकीपाशी गेली. टाकीच्या झाकणाला दादांनी खिळ्यानं भोक पाडलेलं होतं. हवा आत गेली तरच डिझेल बाहेर येतं, असं ते सांगायचे. ते भोक आता दिसेना. तिनं अंगठा फिरवला. तिथं काहीतरी गुळगुळीत, घट्ट बसलं होतं. नखानं खरवडलं तर निळं निघालं. कपडे धुवायचा साबण.

"ह्या भोकात साबण कुणी भरला?"

अजिनाथनं काकांकडं बघितलं, काकांनी अजिनाथकडं.

"म्या," बानाबाई पुढच्या सीटच्या खिडकीतून म्हणाली.

"कामून, माय?"

बानाबाई समोरच्या रस्त्याकडं बघत म्हणाली, "गाडी दारात उभी. दार उघडलं की डिझेलचा वास यायचा. मला वाटायचं, आले. दोन बारी तर उठून पाय धुवायला पाणी ठिवलं. तिसऱ्या बारीला नको म्हणलं."

अजिनाथचा फोन वाजू लागला. त्यानं तो उचलला नाही.

शालूनं झाकण फिरवलं. ते सुटलं तशी टाकीनं हवा ओढून घेतली, आवाज करत, बराच वेळ, थांबेचना. केसातली पिन काढून तिनं साबण उकरून टाकला, झाकण लावलं आणि पुढं येऊन हातपंप दाबू लागली. आता तो बोटाला ढकलत वर येत होता. सैल नटातून आधी फेस आला, मग नितळ डिझेल. कोपरापर्यंत ओघळ गेले तरी ती दाबत राहिली. मग भानावर येऊन नट कसला.

किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि धरलं.

अजिनाथ पळत येऊन बसला. "निघालो म्हणून सांगतो. हाण, आक्का!"

"पोरी, हात तर धू आधी," काका म्हणाले. "लई वास मारतोय. घाटावर अशी जाणार व्हय?"

शालूनं पुढ्यातल्या पाण्याच्या बाटलीकडं हात नेला. त्याआधीच बानाबाईनं ती उचलून आपल्या मांडीत घेतली होती.

"तशीच चल," ती म्हणाली, आणि आपल्या बाजूची काच ओढून लावून घेतली.