त्रिशंकूखालचा डाग

"तुम्ही लोक चोर आहात. काल आठ वाजता तुम्ही लाइट दिलीत. कुणाला विचारून दिलीत?"

वीज कचेरीच्या खिडकीशी चिशिंबा न्हावी असं बोलला आणि मागची अख्खी रांग माना उंचावून बघू लागली. सकाळपासून त्या खिडकीवर एकच रड चालली होती, लाइट का नाही. लाइट का दिली म्हणून भांडायला आलेला माणूस मुकुयू वस्तीनं आजवर पाहिला नव्हता.

चिशिंबानं खिशातलं वेळापत्रक काढून काचेवर थापलं. संध्याकाळी सहा ते दहा लाइट नाही, असं कचेरीच्याच शिक्क्यानिशी छापलेलं. त्याच कागदाच्या भरवशावर तो दहा रात्री दुकानाच्या पत्र्यावर बसला होता. लग्नाचे फोटो काढणाऱ्याकडून घेतलेला जुना कॅमेरा, बिजागरीनं जोडलेल्या दोन फळ्या, त्यांच्यात एक लांब बोल्ट. पृथ्वी फिरते त्या चालीनं बोल्ट हातानं फिरवत राहायचं, म्हणजे तारे फरफटत नाहीत. एका फोटोला दोन मिनिटं, आणि असे ढीगभर फोटो एकावर एक चढवायचे. दक्षिणेकडच्या त्रिशंकू नक्षत्राच्या कुशीत एक काळाकुट्ट ढग आहे, कोळशाचं पोतं ठेवल्यासारखा. चिशिंबाला तेवढाच हवा होता. काल रात्रीचे निम्मे फोटो झाले होते, आणि समोरच्या खांबावरचा दिवा भक्कन पेटला. फोटो दुधासारखे पांढरे. वस्ती टाळ्या वाजवत होती आणि हा पत्र्यावर बसून शिव्या देत होता.

कालपासून संध्याकाळच्या आभाळात चंद्राची कोर दिसू लागली होती. आजची एक रात्र कशीबशी चालली असती. पुढच्या अमावास्येला त्रिशंकू टेकडीमागे बुडालेला असणार, मग थेट पुढचं वर्ष. म्हणून त्याची मागणी साधी होती. आज सहा ते दहा अंधार द्या. शिक्का मारलाय तसा, पुरता.

रांगेनं त्याला सोलून काढलं. कांग्वा मास्तरांनी टोपी काढून डोकं दाखवलं. डावी बाजू तुळतुळीत, उजवीकडे रान. परवा मशीन मध्यावर असताना लाइट गेली, तर हा पठ्ठ्या गालात हसत शिडी चढला होता. मासेवाली बाना म्वाबा, म्हणजे म्वाबाची आई, तर पेटलीच होती. तिच्या फ्रीजरमधले मासे सडले होते आणि काल तिनं ते खड्ड्यात पुरले होते.

"इथं लाइट नाही म्हणून शेगडीला कोळशाचं पोतं घेता घेता आमचा जीव चाललाय," ती म्हणाली, "आणि ह्याला आभाळातलं पोतं पाहिजे."

खिडकीमागच्या सिकाझ्वे साहेबांचा चेहरा मात्र सकाळपासून पहिल्यांदाच उजळला. असं गिऱ्हाईक देवानं त्यांना कधी पाठवलं नव्हतं. त्यांनी चिशिंबाला चक्क बसायला स्टूल द्यायला लावलं. पुरावा म्हणून आणलेले फोटो मागून घेतले, चष्मा लावून एकेक पाहिले, वा वा म्हणाले. मग खिडकीच्या फटीतून त्यांनी ते स्वतःच्या हातानं रांगेत सोडले.

"बघा जरा. अंधारात काय काय दिसतं ते बघा. नुसती बोंबाबोंब करता. आमच्या टेकडीवर काय वेगळं आहे? आमचीही लाइट ह्याच वेळेला जाते. माझी पोरं मेणबत्तीच्या उजेडात मक्याच्या पिठाचा न्शिमा खातात."

फोटो हातोहात फिरले. रोज डोक्यावर असलेलं आभाळ असं असतं हे कुणाला ठाऊक नव्हतं. कांग्वा मास्तर तर टोपी घालायची विसरले. चिशिंबाची छाती फुगली.

बाना म्वाबानं मात्र एक फोटो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. मग दुसरा मागितला. मग तिसरा.

"काय रे, हे खाली कोपऱ्यात पिवळं काय आहे?"

चिशिंबा ओशाळला. नेमकं तेच दुखणं होतं. भिंगाला बुरशी धरली असणार, म्हणाला. पहिल्या रात्रीपासून तो डाग येत होता. दाढीचं स्पिरिट लावून रोज तासभर घासतो, पण हलत नाही. घासून घासून आता भिंगावर चरे पडलेत.

"डागाला पाण्याची टाकी असते होय रे, बाळा?"

मास्तरांनी फोटो हिसकावून घेतला. डागाच्या वर, टेकडीच्या कडेला, टाकीचा काळा गोल ताऱ्यांना झाकत उभा होता. टेकडीवर टाकी असलेलं घर एकच, साहेबांचं. मास्तरांनी फोटो उलटे करून मागं लिहिलेल्या तारखा-वेळा मोठ्यानं वाचल्या, वर्गात हजेरी घ्यावी तशा. एक, दोन, तीन. दहा रात्री. सात वाजता, आठ वाजता, नऊ वाजता.

रांग हलली. आत साहेबांनी टाय सैल केला आणि खिडकीचं झाकण ओढायला हात घातला. बाना म्वाबानं फटीत कोपर घातलं. ते कोपर मासे तोडून तोडून कमावलेलं होतं. झाकण तिथंच अडलं.

चिशिंबाच्या डोक्यात आता कुठं उजेड पडत होता. खिडक्यांना जाड पडदे लावले की माणसाला टेकडी काळीच दिसते. कॅमेऱ्याचं तसं नसतं. तो दोन मिनिटं पापणी न हलवता बघतो, आणि पडद्याच्या फटीतून थेंब थेंब आलेला उजेड साठवत राहतो. त्याचं भिंग चांगलं होतं. दहा दिवसांपूर्वीपर्यंत चांगलं होतं.

तो स्टुलावरून उठला. सगळ्या रांगेचा राग एकीकडे आणि त्याचा एकीकडे. त्यानं फोटो काचेला लावून धरला.

"साहेब, दहा दिवस मी तुमचा दिवा पुसतोय. आता सांगा, तो तुम्ही विझवता, का आमचे लावता?"