वहीचं पहिलं पान

“तुझा हा कोड मी चौथ्यांदा परत पाठवतोय,” मी भर मीटिंगमध्ये ऋजुतावर खेकसलो.

आमच्या डेटाबेसचा ऑप्टिमायझर, म्हणजे क्वेरी आली की माहिती कुठल्या क्रमाने शोधायची ते ठरवणारा भाग, टेबलं जोडताना क्रम चुकवतो. लहान टेबल बाजूला ठेवून आधी कोट्यवधी नोंदींचं टेबल उपसत बसतो. क्लायंटचा रिपोर्ट अडकला की बोंब उठते, “प्रधानसरांना बोलवा!” मग मी माझ्या वहीत बघून योग्य क्रम हाताने लिहून देतो. बारा वर्षं माझा मान या वहीवर टिकून आहे. गेल्या महिन्यात ती टाईप करायला ऋजुताला दिली, तर ही कालची पोरगी म्हणे ऑप्टिमायझरमधला मूळ दोषच दुरुस्त करणार!

“चालवून दाखव,” मी वही तिच्यापुढे आपटली. “शेवटच्या पानावरची क्वेरी. चाळीस मिनिटं घेते.”

तिने एंटर दाबलं. दोन सेकंदांत उत्तर आलं. मागे कोणीतरी टाळी वाजवली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “सहा महिन्यांच्या अनुभवावर तुला हे सुचणं शक्य नाही. कुठून चोरलंस?”

तिने वहीचं पहिलं पान उघडून माझ्यासमोर सरकवलं. मी ते पुन्हा कधी उघडलंच नव्हतं. अक्षर माझंच होतं. ऑप्टिमायझरच्या कोडमधली कुठली ओळ चुकलीय, तिथे काय हवं, सगळं लिहिलेलं. खाली बारा वर्षांपूर्वीची तारीख.

“इथून, सर,” ती म्हणाली.